पसंतीचे आकडे झाकल्यावर कोणी वाचते आहे, हे कशावरून जाणवते?

ओटल्यावरची बेन (दांडियाबाजार, बडोदे) यांची विचारणा

नमस्कार. मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शाळेत मुली मला बेन म्हणत, म्हणून इथेही तेच नाव घेतले आहे. निवृत्तीनंतर मी समाजमाध्यमावर एक छोटे पान सुरू केले. रोज सकाळी आपल्या बडोद्याच्या मराठीतला एखादा शब्द किंवा जुन्या घरातली एखादी वस्तू घ्यायची, तिच्याविषयी वहीत दहा-बारा ओळी हाताने लिहायच्या आणि त्या पानाचा फोटो टाकायचा, एवढाच हा उपक्रम आहे. हिंचका म्हणजे झोपाळा, ओटला म्हणजे घरापुढचा ओटा, भाजीला शाक म्हणण्याची आपल्याला लागलेली सवय, असे करत करत दोनशेहून अधिक पाने झाली आहेत.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मी जात्यावर लिहिले. माझ्या आजीच्या जात्याचा खुंटा वर्षानुवर्षे मुठीत फिरून इतका गुळगुळीत झाला होता की त्यावर बोट ठरत नसे, आणि वैरणीची मूठ घालताना तिची ओवी एका ठिकाणी किंचित थांबायची. आतल्या खोलीत अंथरुणात पडल्या पडल्या मला त्या थांबण्यावरून कळायचे की नवे दाणे पडले. हे सगळे मी मनापासून लिहिले होते. त्याच्या तीनच दिवस आधी टाकलेल्या गौरीच्या फराळाच्या फोटोखाली ३४० जणांची पसंती होती आणि जात्याखाली ११. दुपारपर्यंत मी चार वेळा फोन उघडून पाहिला आणि संध्याकाळी ते पान काढून टाकले. पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की कोणता शब्द घ्यावा हे ठरवताना मी त्याचा फोटो कसा दिसेल याचा विचार करू लागले आहे. ज्या मुलींना मी आयुष्यभर गुणांकडे डोळे लावून निबंध लिहू नका असे सांगितले, त्यांच्यासमोर उभे राहताना मला या गोष्टीची लाज वाटली असती.

म्हणून दिवाळीनंतर भाच्याला बसवून मी सगळेच बंद करून घेतले. माझ्या पानावरचे आकडे झाकले, इतरांच्या पानांवरचे आकडे मला दिसणार नाहीत असे केले आणि कोणी पसंती दिल्याची सूचनाही येणार नाही अशी व्यवस्था केली. पहिले पंधरा दिवस फार शांततेचे गेले. लिहिण्याचा हात मोकळा झाला. त्यानंतर मात्र रिकाम्या वर्गात फळ्यावर लिहीत असल्यासारखे वाटू लागले, आणि ते वाटणे कमी होण्याऐवजी वाढतच आहे. शिवाय एक गोष्ट मी आधी विचारात घेतलीच नव्हती. माझी मुलगी टोरांटोला असते. माझी सकाळ म्हणजे तिची आदली रात्र. जेवणे आटोपून झोपण्यापूर्वी ती माझे पान पाही आणि तिच्या पसंतीचा बदाम माझ्या फोनवर उमटे. तेवढ्याने मला कळायचे की पोरगी घरी पोचली आहे, बरी आहे. आता तो बदामही दिसत नाही.

आकडे पुन्हा उघडावेत असे मला वाटत नाही. पण ज्यांनी ते झाकले आहेत आणि तरीही ज्यांना आपण माणसांत आहोत असे वाटते, त्यांनी हे कसे साधले, ते कृपया सांगावे.

अलकापुरीतला संगणकवाला

बेन, सादर नमस्कार. आपण एकाच बैठकीत तीन वेगवेगळ्या गोष्टी बंद केल्या आहेत, आणि आपल्याला लागलेली हुरहुर मुख्यतः तिसरीमुळे असावी, असे मला वाटते. आपल्या पानावरचा आकडा इतरांपासून झाकणे ही एक गोष्ट, इतरांचा आकडा आपल्यापासून झाकणे ही दुसरी आणि कोणी पसंती दिली याची सूचना बंद करणे ही तिसरी. पहिल्या दोन्हींत बेरीज झाकली जाते. तिसरीत नावे जातात.

आपण कोणते माध्यम वापरता ते लिहिले नाही. इन्स्टाग्राम असेल तर आकडा झाकलेल्या पानावरही कोणाकोणाला ते आवडले याची यादी आपण स्वतः उघडून पाहू शकता. झाकलेले असते ते इतरांसाठी. सूचनांच्या सेटिंगमध्ये पसंतीसाठी तीन पर्याय असतात: कोणाचीच नको, सगळ्यांची हवी, किंवा आपण ज्यांना फॉलो करतो त्यांचीच हवी. तिसरा पर्याय निवडावा आणि मुलगी, मैत्रिणी, जुन्या विद्यार्थिनी अशा निवडक माणसांनाच फॉलो करावे. मुलीचा बदाम उद्याच परत येईल आणि ३४० विरुद्ध ११ हा हिशेब परत येणार नाही.

नाव आणि बेरीज यांची ही फारकत मी उगाच करत नाही. फेसबुकने लाइकचे बटन फेब्रुवारी २००९ मध्ये आणले. त्याला आधी 'ऑसम' (म्हणजे 'भन्नाट') असे नाव द्यायचे घाटत होते. एकाच फोटोखाली पंचवीस जण तेच तेच 'छान' लिहीत, ते एका टिचकीत मावावे असा हेतू होता. सोय झाली, पण पंचवीस माणसांचे पंचवीस 'छान' जाऊन तिथे '२५' उरले. बेन ग्रोसर या अमेरिकी कलाकाराने २०१२ मध्ये फेसबुकसाठी डिमेट्रिकेटर नावाचे एक ब्राउझरचे एक्स्टेन्शन केले, ते सगळे आकडेच काढून टाकत असे. 'सोळा जणांना हे आवडले' याच्या जागी नुसते 'लोकांना हे आवडले' एवढेच दिसे. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये आकडे झाकण्याची चाचणी आधी कॅनडात घेतली, त्याच वर्षी जुलैत ऑस्ट्रेलिया, ब्राझील, आयर्लंड, इटली, जपान आणि न्यूझीलंडमध्ये ती वाढवली, आणि शेवटी मे २०२१ मध्ये इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हींवर ज्याचे त्याने ठरवावे अशी मुभा दिली. सरसकट सगळ्यांचे आकडे झाकले नाहीत, कारण काहींना त्यामुळे बरे वाटले आणि काहींना ते गैरसोयीचे झाले. एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) जून २०२४ मध्ये नेमके उलट केले: कोणाला काय आवडले ती नावे इतरांपासून झाकली आणि आकडा तसाच ठेवला. मला व्यक्तिशः हा दुसरा मार्ग अधिक एकटा पाडणारा वाटतो. त्यात गर्दी दिसते आणि गर्दीतला एकही चेहरा दिसत नाही.

एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. आकडा झाकला म्हणजे मोजणी थांबली, असे मुळीच नाही. आतली यंत्रणा पसंती, शेअर, कोण किती वेळ थांबले हे सगळे मोजत राहते आणि आपले पान कोणापुढे आधी आणायचे, कोणापुढे आणायचेच नाही, हे त्यावरूनही ठरवते. त्यामुळे जात्याचे पान ११ जणांना आवडले याचा अर्थ ते इतरांनी वाचून नापसंत केले, असा घेऊ नये. कित्येकांपुढे ते आलेच नसेल.

ओटल्यावरची बेन

आपण इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. अनेकांपुढे ते पान गेलेच नसेल, ही शक्यता माझ्या मनात एकदाही आली नव्हती. मी तो त्या लेखनावरचा निकाल समजून चालले होते. सूचनांचा तिसरा पर्याय आज भाच्याकडून करून घेते.

लोणचेवाली, कारेलीबाग

बेन, मी घरी लोणची, छुंदा आणि दिवाळीत फराळ करून विकते. मला आकडे झाकणे परवडत नाही, हेही कोणीतरी सांगितले पाहिजे म्हणून लिहिते. मध्यंतरी मीही मनःशांतीसाठी सगळे झाकून पाहिले, तर आठवड्याभरात दोन जणींनी फोन करून विचारले की तुमचे पान नवीन आहे का, याआधी कोणी माल घेतला आहे का. अनोळखी गिऱ्हाइकाला विश्वासासाठी काहीतरी दिसावे लागते, आणि त्याला माझ्या बरणीची चव फोनवर कळत नाही. आता मी विक्रीच्या फोटोंवर आकडे ठेवते आणि सासूबाईंच्या आठवणी, मुलांच्या गोष्टी असे काही टाकते तेव्हा त्या एका पोस्टपुरते ते झाकते. प्रत्येक पोस्टच्या तीन टिंबांमध्ये तशी सोय असते. तुमचे पान विक्रीचे नाही, त्यामुळे तुम्हाला हा प्रश्न नाही. पण झाकणारा शहाणा आणि न झाकणारा हावरा, असे कोणी समजू नये एवढीच विनंती.

मांडवीचा वाचक

मी संगणकातला जाणकार नाही, माझे वयही आपल्याहून दहा-बारा वर्षांनी अधिक असावे. परंतु आपला प्रश्न वाचून मला आपली सेंट्रल लायब्ररी आठवली आणि राहवले नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून तिची घडी बसवली आणि बडोदे संस्थानातल्या गावागावांत पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालयेही चालवली, हे आपण शाळेत शिकवलेच असेल. मला सांगायचे आहे ते पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीविषयी.

कॉलेजात असताना मी नर्मदेच्या प्रवासावरचे एक जुने मराठी पुस्तक घरी आणले होते. चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे अवघे सहा शिक्के होते आणि पहिल्या-शेवटच्या शिक्क्यांत जवळजवळ वीस वर्षांचे अंतर होते. वीस वर्षांत सहा वाचक. आजच्या मोजमापाने ते पुस्तक अयशस्वीच म्हणायचे. मधल्या एका पानावर पहाटेच्या वेळी पात्रावरून उठणाऱ्या धुक्याचे वर्णन होते, आणि त्या ओळींच्या शेजारी समासात कोणीतरी बारीक पेन्सिलीने लिहिले होते, "हे मी पाहिले आहे." सही नाही, तारीख नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मी आजही सगळ्यांना सांगतो. तरीसुद्धा त्या चार शब्दांनी माझ्या मनात जे घर केले ते शिक्क्यांच्या संख्येने केले नसते. त्या सहांपैकी एक जण माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखे वाटले. अक्षर किंचित डावीकडे कललेले होते, म्हणून तो डावखुरा असावा असेही मी मनाशी ठरवून टाकले होते. पुस्तक परत करताना मी ते पान पुन्हा एकदा उघडून पाहिले.

ग्रंथपालाला शिक्के मोजावेच लागतात, कारण कोणत्या पुस्तकाच्या आणखी प्रती घ्यायच्या आणि कोणते आतल्या कपाटात हलवायचे, हे त्याला त्यावरून ठरवायचे असते. लोणचेवाल्या ताईंचे म्हणणे मला म्हणूनच पटते. परंतु वाचकाने किंवा लेखकाने ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून स्वतःकडे पाहू लागणे, हे मला घातक वाटते, आणि आपल्या हातून जात्याचे पान गेले ते त्याच खुर्चीतून.

आपल्याला सुचवायचे ते असे की आपल्या पानाला समास ठेवा. लिखाणाच्या शेवटी असा एखादा प्रश्न विचारा की ज्याचे उत्तर 'छान' किंवा अंगठा होऊच शकत नाही. 'तुम्हाला जाते आवडते का' असे विचारू नका; 'तुमच्या घरी जात्याच्या वरच्या आणि खालच्या दगडाला काय म्हणत, आणि ते जाते आज कुठे आहे' असे विचारा. उत्तरे थोडी येतील. जी येतील ती पेन्सिलीने लिहिलेली असतील.

रावपुऱ्याची सून

बेन, वरच्या आजोबांच्या सूचनेला मी आमच्या मंडळाचा अनुभव जोडते. आमचे अडतीस बायकांचे भजनी मंडळ आहे आणि त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आमच्याकडे लाइक मोजण्याचा प्रश्न नव्हता, पण हात जोडलेल्या चित्रांचा होता. एकीने अभंगाची नवी चाल म्हणून पाठवली की खाली तीस जोडलेले हात येत आणि कोणी ऐकली, कोणाला ती कुठे अवघड वाटली, याचा काही पत्ता लागत नसे. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले की चाल ऐकल्यावर चित्र पाठवायचे नाही. आवडलेली एक ओळ स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवायची, आणि जमत नसेल तर काहीच पाठवायचे नाही. पहिल्या आठवड्यात ग्रुप एकदम ओसाड झाला. पाच-सहा जणीच म्हणून पाठवत. दोघी-तिघी रागावल्या की आमचे हात जोडणे तुम्हाला नको झाले का. माघार घ्यावी, असे मलाही वाटू लागले होते.

आमच्यात ऐंशीच्या पुढच्या एक काकू आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचे भजनाला येणे दोन वर्षांपासून बंद होते आणि ग्रुपवर त्यांनी कधी एक अक्षर लिहिले नव्हते. त्या आता यात नाहीत, असेच आम्ही धरून चाललो होतो. एकदा मी माझ्याच पाठवलेल्या आवाजावर बोट दाबून 'माहिती' उघडली. ग्रुपमध्ये पाठवलेले कोणापर्यंत पोहोचले आणि कोणी ऐकले ते तिथे नावानिशी दिसते. ऐकणाऱ्यांत पहिले नाव काकूंचे होते, पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी. मागचे काही निरोप उघडून पाहिले, तर बहुतेक वेळी पहिले नाव त्यांचेच. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोन उशाशी, चष्म्याच्या डबीला टेकवून उभा ठेवलेला होता. मला म्हणाल्या, "मला लिहिता कुठे येतं त्यात? मी तुमच्याबरोबर म्हणते रोज, इथे पडल्या पडल्या." आणि म्हणून दाखवले. आम्ही ज्या जागी सूर चढवत होतो तिथे त्या उतरवत होत्या, आणि त्यांचे बरोबर होते. जुनी चाल तशीच होती. आता सोमवारी कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन त्यांचा आवाज घेऊन येते.

मला यातून आपल्याला सांगावेसे वाटते ते हे की गप्प वाचणारी माणसे असतात, आणि ती बहुधा आपल्याला वाटते त्याहून जवळ असतात. परंतु त्यांच्यापर्यंत आपल्यालाच जावे लागते. आपण फोनवर वाट पाहत बसलो तर ती कधीच सापडत नाहीत. आपल्या जुन्या विद्यार्थिनींपैकी कितीतरी जणी आपले पान रोज पाहत असतील आणि बेनच्या लिखाणाखाली आपण काय लिहायचे, या संकोचाने गप्प असतील. त्यांतल्या दोघी-चौघींना आपणच एकदा फोन करून पाहावा.

ओटल्यावरची बेन

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

मुलीच्या बदामाची सूचना दुसऱ्याच सकाळी आली. मी तिला फोन करून सांगितले की मला तुझा बदाम दिसत नव्हता तेव्हा किती चुकल्यासारखे वाटले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की पुष्कळदा ती पान न वाचताच बदाम दाबत असे, कारण दिवसभराने डोळे मिटत असत, आणि आईला ती जागी आहे एवढे कळावे हाच त्यामागचा हेतू असे. मला वाईट वाटेल या भीतीने तिने हे कधी सांगितले नव्हते. मला वाईट वाटले नाही. मी त्या बदामाचा जो अर्थ लावत होते तोच तिचाही होता, फक्त आम्ही दोघी तो लेखनाच्या खाली ठेवत होतो. आता ती झोपण्यापूर्वी मला एक वाक्य बोलून पाठवते, आज काय खाल्ले, बर्फ पडला का, एवढेच. पान ती रविवारी निवांत वाचते.

अलकापुरीच्या दादांच्या सांगण्याप्रमाणे मी जुन्या पानांच्या याद्या उघडून नावे वाचली. आकडा असताना मी ही नावे कधी वाचलीच नव्हती. एक नाव जवळजवळ प्रत्येक पानावर होते, माझ्या १९९८ च्या दहावीच्या तुकडीतल्या एका मुलीचे. रावपुऱ्याच्या ताईंचे ऐकून मी तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. ती आज सुरतेला असते, घरात मराठी बोलणारी एकटीच आहे, आणि माझे पान ती आपल्या मुलाला रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवते, हे मला त्या फोनवर कळले. मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला ओटला हा शब्द माहीत होता, ओवी माहीत नव्हता.

समास ठेवण्याची सूचनाही अमलात आणली आहे. पहिल्या दोन प्रश्नांना एकही उत्तर आले नाही, तिसऱ्याला चार आली, त्यांतले एक इतके लांब आहे की मी ते वहीत उतरवून घेतले आहे.

जात्याचे पान काढून टाकलेले असले तरी ती वही माझ्याकडे आहे. उद्या सकाळी तेच पान पुन्हा टाकणार आहे, आणि खाली मांडवीच्या आजोबांनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारणार आहे. सुरतेच्या मुलासाठी आजीची ओवी मी म्हणून पाठवायची ठरवली आहे. ती कुठे थांबायची ते अजून मला आठवते.